कोणी घेत नाही ती गाडी घ्यावी का?

सोयाबीन विकून चार पैसे हाती आले की दसरा-दिवाळीला वाशिम, रिसोड, कारंजाच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. बहुतेकांचं घरूनच ठरलेलं असतं. शेतीला आणि रोजच्या धावपळीला स्प्लेंडर, शाइन नाहीतर प्लॅटिना, तरण्या पोराला पल्सर, आणि ज्याला रुबाब हवा त्याला बुलेट. या गर्दीत एखादा गिऱ्हाईक मात्र वेगळ्याच गाडीभोवती घुटमळताना दिसतो. तो बहुतेक चाळिशीच्या पुढचा असतो. मालेगावहून वाशिमला रोज ये-जा करणारा शिक्षक, सहाही तालुके फिरणारा औषधविक्री प्रतिनिधी, नाहीतर गावोगावच्या शाखांत बदल्या झालेला बँकेचा माणूस. शंभर सीसीच्या गाडीवर त्याची कंबर धरायला लागलेली असते. त्याला वजनदार, शांत, लांब पल्ल्यात न थकवणारी गाडी हवी असते आणि नजर जाते ती बजाजच्या डॉमिनारवर किंवा अव्हेंजरवर. मग सोबत आलेला मेहुणा हळूच म्हणतो, "नोको घेऊ थे. विकाले गेला तं कोनी इचारत नाही."

मेहुण्याचं बोलणं खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. गाडी किती खपते हे कळल्याने ती विकताना किती नुकसान होईल एवढंच कळतं. ती चालवताना काय मिळेल, बिघडल्यावर कोण दुरुस्त करेल, ती किती वर्षं टिकेल, हे त्यावरून कळत नाही. मध्यम आकाराची, आरामदायी पण कमी खपाची गाडी घ्यायची असेल तर माझ्या मते दोन प्रश्नांची उत्तरं आधी शोधावीत. तिचे सुटे भाग कोणत्या खपणाऱ्या गाडीशी जुळतात? आणि आपण ती किती वर्षं ठेवणार आहोत? बाकीचं सगळं या दोन प्रश्नांच्या मागून येतं.

डॉमिनारचंच उदाहरण घेऊ, कारण ही आपल्याच पुण्याच्या कंपनीची गाडी आहे. डिसेंबर 2016 मध्ये बजाजने ती बाजारात आणली तेव्हा एबीएस नसलेल्या गाडीची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत 1.36 लाख रुपये होती. 373 सीसीचं, पाण्याने थंड राहणारं इंजिन, सहा गिअर, एलईडी दिवा, असं सगळं एवढ्या पैशांत दुसरं कोणी देत नव्हतं. 2017 मध्ये कंपनीने 'हाथी मत पालो' अशा जाहिराती करून थेट बुलेटवाल्यांना डिवचलं. लोकांनी जाहिराती पाहिल्या आणि बुलेटच घेतली. परदेशात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, डॉमिनारला गिऱ्हाईक मिळालं. इथे मात्र ती मोजक्यांची गाडी राहिली. मार्च 2020 मध्ये तिची धाकटी बहीण डॉमिनार 250 आली, जुलै 2025 मध्ये दोघींत सुधारणा झाल्या, पण गावातल्या चौकात दहा बुलेट दिसल्या तर डॉमिनार एखादीच दिसते. गाडीत खोट होती म्हणून हे घडलं नाही. बुलेटला घराण्याची पुण्याई आहे, आवाजाची ओळख आहे. डॉमिनारकडे फक्त गुण होते, आणि गुणांवर आपल्याकडे लग्नंसुद्धा सहज जमत नाहीत.

आता आरामाबद्दल. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून आराम कळत नाही. आपल्या जिल्ह्यात तो जमिनीशी बांधलेला आहे. वाशिमची बरीच जमीन काळी, चिकणमातीची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता मुरुमाची भर पुरेशी नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत लाटेसारखा होतो. खड्डे बुजवता येतात, पण ही वरखाली होणारी लाट तशीच राहते. शंभर-सव्वाशे सीसीची, 110-120 किलोची गाडी अशा रस्त्यावर पन्नासच्या पुढे गेली की उसळत राहते आणि तो प्रत्येक हिसका माकडहाडापर्यंत जातो. गाडीचं अंग जड, दोन चाकांमधलं अंतर जास्त आणि शॉकअप चांगले असले की हीच लाट अंगावरून विरघळून जाते. डॉमिनार 400 चं वजन 193 किलो, 250 चं 180 किलोच्या आसपास. पुढे जाडजूड शॉकअप, मागे मोनोशॉक. अकोला-वाशिम-हिंगोली या 161 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर हा फरक पहिल्या दहा किलोमीटरमध्ये जाणवतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुष्कळ लोक तिथेच फसतात. अव्हेंजर 220 दिसायला सगळ्यात आरामदायी. सीटची उंची जेमतेम 737 मिलिमीटर, पाय पुढे पसरलेले, हँडल हाताशी आलेलं. बुटक्या माणसाला, गुडघे दुखणाऱ्याला ती पटकन आवडते आणि सपाट रस्त्यावर ती खरोखर झोपाळ्यासारखी आहे. पण पाय पुढे असले की खड्डा आल्यावर फुटरेस्टवर जोर देऊन सीटवरून उठता येत नाही. सगळं वजन ढुंगणावरच राहतं आणि धक्का सरळ मणक्याला बसतो. डॉमिनारवर, किंवा साध्या बैठकीच्या कुठल्याही गाडीवर, पाय शरीराच्या खाली असतात. खड्डा दिसला की माणूस नकळत दोन बोटं वर उठतो आणि गुडघेच शॉकअपचं काम करतात. ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी खाली बसणारी, पाय पसरणारी गाडी आरामदायी म्हणून डोळे झाकून घेऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावं आणि मगच शोरूमची पायरी चढावी.

म्हणून टेस्ट राइड मागताना शोरूमसमोरचा एक फेरा पुरेसा मानू नका. थोडा आग्रह धरा. वीस-पंचवीस मिनिटं चालवा, त्यातला काही भाग उखडलेल्या रस्त्यावरून. गावातल्या उंच गतिरोधकावरून दोघं बसून नेऊन बघा. डॉमिनारचं पोट जमिनीपासून 157 मिलिमीटरवर आहे, म्हणजे आपल्याकडच्या काही मनमानी गतिरोधकांवर ते घासू शकतं. शक्य असेल तर उन्हातल्या दुपारी चालवा. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो तेव्हा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा पंखा गर्दीत गरम वारा पायांवर फेकतो. महामार्गावर त्याचा त्रास नाही, पण बाजाराच्या दिवशी पाटणी चौकातून मुंगीच्या पावलाने जाताना तो जाणवतो. आणि गाडी बंद करून ढकलून बघा. चढावर उलट्या दिशेला उभी केलेली 193 किलोची गाडी मागे ओढायला किती ताकद लागते, हे घेण्याआधी कळलेलं बरं.

मागे बसणाऱ्या माणसाला तर सोबत न्यायलाच हवं. आपल्याकडे मोटरसायकल म्हणजे कुटुंबाचं वाहन. चैत्रात पोहरादेवीला, कारंजाला गुरुमंदिरात, शिरपूरला, नात्यातल्या लग्नाला जायचं ते दोघांनीच. डॉमिनारची मागची सीट पुढच्यापेक्षा उंच आहे. पाय दोन्ही बाजूंना टाकून बसणाऱ्याला ती चालते. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईंना तिच्यावर चढता-उतरताना आणि तोल सांभाळताना जड जातं. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण घरात रोजची तक्रार त्यावरूनच होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरायची जागा, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण सक्तीचं करतो. दिसायला बरं नाही म्हणून साडीगार्ड काढून टाकायला सांगू नका.

लांबच्या पल्ल्याचा विचार करणाऱ्यांना एक आठवण द्यायला हवी. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. ताशी शंभराच्या वेगाने मुंबईकडे निघण्याचं स्वप्न बघून मोठं इंजिन घेऊ नका. तुमचा रस्ता जुनाच, कारंजा, शेलुबाजार, मालेगाव, डोणगाव, मेहकर आणि पुढे जालन्याकडे. समृद्धी झाल्यापासून लांबची बरीच वाहनं तिकडे वळली आहेत, त्यामुळे या रस्त्यावर दुचाकी चालवणं पूर्वीपेक्षा सुसह्य आहे. इथे 70-80 चा शांत वेग पुरतो, आणि तो ठेवायला 250 सीसीचं इंजिनही दमत नाही. जो वेग आपण कधी गाठणारच नाही, त्याच्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

रात्रीच्या प्रवासात मात्र मोठी गाडी खरंच कामाला येते. रोही आणि रानडुक्कर हे आपल्या रस्त्यांवरचं कायमचं संकट आहे. रोह्याचा मोठा नर दोनशे किलोच्या पुढे भरतो, आणि शेतातून थेट डांबरावर उडी घेतो. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. डॉमिनारला तो दोन्ही चाकांवर आहे. दिव्याचा झोत लांब जातो, ब्रेक दमदार आहेत. यातून धोका टळतो असं नाही, पण सावरायला जे एक-दोन क्षण लागतात ते मिळतात. रात्री साठच्या पुढे जाऊ नका आणि हेल्मेट दोघांनीही घाला.

आता सुट्या भागांचा प्रश्न, जो माझ्या लेखी सगळ्यात मोठा आहे. नावडत्या गाड्या दोन जातीच्या असतात. एक एकटी, जिचं इंजिन, क्लच, वायरिंग दुसऱ्या कुठल्याच गाडीला लागत नाही. दुसरी गोतावळ्यातली, जी स्वतः खपली नाही तरी तिची भावंडं रस्त्यावर भरपूर आहेत. सुझुकीने जानेवारी 2014 मध्ये इनाझुमा 250 भारतात आणली होती. दोन सिलिंडर, लोण्यासारखं इंजिन, 180 किलोच्या पुढचं वजन, बैठक उत्तम. किंमत 3.10 लाख. गिऱ्हाईक मिळेना म्हणून त्याच वर्षी किंमत लाखभराने उतरवली, तरी चालली नाही आणि गाडी बंद झाली. ज्यांनी ती प्रेमाने घेतली त्यांच्या हाती एक सुंदर पण एकटी गाडी राहिली, कारण तिच्या इंजिनाचा इथे दुसरा वारसच नव्हता. अशी गाडी मुंबई-पुण्यातल्या हौशी माणसाला परवडेल. वाशिमच्या रोजच्या माणसाने ती पन्नास हजारांत मिळाली तरी घेऊ नये.

अव्हेंजर 220 ची गोष्ट उलट. ती फारशी खपली नसली तरी तिचं इंजिन पल्सर 220 च्या घराण्यातलं आहे आणि ती पल्सर 2007 पासून गल्लोगल्ली फिरते आहे. क्लच प्लेट, पिस्टन, टायमिंग चेन यासाठी शोरूमच्या दारात बसावं लागत नाही, आणि रिसोडचा मेकॅनिकही ते इंजिन खोलायला घाबरत नाही. डॉमिनार 400 या दोघींच्या मधली. तिचं 373 सीसीचं इंजिन मे 2024 मध्ये आलेल्या पल्सर एनएस 400 झेडमध्ये बसवलेलं आहे, तर 250 चं इंजिन केटीएमच्या 250 ड्यूकच्या नात्यातलं आहे. म्हणजे भाग कारखान्यात बनत राहतील ही आशा रास्त आहे. पण ते वाशिमच्या फळीवर असतील असं समजू नका. म्हणून बुकिंगची पावती फाडण्याआधी विक्री विभागाऐवजी सर्व्हिस विभागाच्या काउंटरवर जा. क्लच केबल, ब्रेक पॅड, एअर फिल्टर, चेन-स्प्रॉकेट आज हातात मिळेल का विचारा. उत्तर "मागवून देऊ" असेल तर किती दिवसांत, हे विचारा. या मॉडेलच्या गाड्या महिन्यात किती सर्व्हिसिंगला येतात आणि त्या कोण हाताळतो, तेही विचारा आणि त्या मेकॅनिकशी दोन मिनिटं बोला. टायरचंही तसंच. मागचा 150/60-17 मापाचा रेडियल टायर गावातल्या दुकानात मिळतो की अकोल्याहून आणावा लागतो, हे पंक्चरवाल्याला विचारलं तर तो शोरूमपेक्षा खरं सांगेल.

खर्चाचा हिशेब वहीत मांडा, मनात नको. महिन्याला हजार किलोमीटर फिरणं आहे असं धरू आणि पेट्रोल 105 रुपये लिटर. 125 सीसीची गाडी 55 चं ॲव्हरेज देत असेल तर 18 लिटर लागतात. डॉमिनार 400 ने 28 दिलं तर 36 लिटरच्या जवळपास. फरक महिन्याला अठराशे रुपयांच्या पुढेमागे, वर्षाला बावीस हजार. हेच बुलेटशी ताडून बघा. तिने 35 दिलं तर फरक महिन्याला साडेसातशेच राहतो. म्हणजे छोट्या गाडीवरून मोठ्या गाडीवर येणं महाग आहे, पण खपणाऱ्या मोठ्या गाडीऐवजी न खपणारी घेणं त्या मानाने फार महाग नाही. बरेच लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

शिवाय 350 सीसीची रेघ आता फार महत्त्वाची झाली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, आणि त्यावरच्या गाड्यांवरचा अधिभारासह 31 वरून थेट 40 टक्के. एक लाखाच्या मूळ किमतीवर हा 22 हजारांचा फरक आहे. विम्यातही हीच रेघ आडवी येते. जून 2022 पासूनच्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा 150 ते 350 सीसीला 7,365 रुपये आणि 350 च्या वर 15,117 रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे नवी गाडी घेताना 373 सीसीच्या इंजिनाने प्रत्येक ठिकाणी जास्त मोजायचं. आपल्या रस्त्यांवर 250 पुरते हे आधी सांगितलंच. नवी घ्यायची तर 250, हे माझं स्पष्ट मत. कोटेशन हातात आल्यावर त्यातली ओळ न ओळ वाचा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही, आणि 'हँडलिंग चार्ज' नावाची रक्कम दिसली तर ती कशाची, हे स्वच्छ विचारा.

400 हवीच असेल तर जुनी घ्या. मेहुण्याची जी भीती आहे तीच इथे तुमच्या फायद्याची ठरते. विम्याच्या हिशेबात कोणतीही गाडी चौथ्या वर्षी 40 टक्के आणि पाचव्या वर्षी 50 टक्के किंमत गमावते. कमी मागणीच्या गाडीला बाजार त्याहूनही कमी देतो. ते नुकसान पहिल्या मालकाने सोसलेलं असतं. चांगली सांभाळलेली तीन-चार वर्षांची गाडी घेतली आणि सात-आठ वर्षं वापरली, तर रिसेलचा प्रश्न जवळपास संपतो. जो दर दोन-तीन वर्षांनी गाडी बदलतो त्याच्यासाठी मात्र नवी डॉमिनार म्हणजे दर वेळी खिशाला भोक. त्याने बुलेट घ्यावी आणि सुखी राहावं.

जुनी बघताना सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलेली असेल तर परत दुसऱ्या दिवशी या. रेडिएटरच्या जाळीला मार लागलाय का, कूलंट कुठे गळतंय का, पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाची ओल आहे का, हँडल मधोमध अडकतंय का ते पाहा. टायरवर चार अंक छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून टायरचं वय कळतं. सर्व्हिसिंगची नोंद अधिकृत केंद्रावर निघते, ती मागा. वाशिम, हिंगोली, नांदेड हा रस्ता पुढे तेलंगणात जातो, त्यामुळे हैदराबादकडच्या स्वस्त गाड्यांचा मोह इकडे होतो. बाहेरच्या राज्याची गाडी म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इथे पुन्हा कर आणि एमएच 37 पासिंगचा खटाटोप. स्वस्ताईतला बराच भाग त्यातच जातो. जिल्ह्यातली किंवा शेजारच्या जिल्ह्यातली गाडी बरी. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म 35, थकलेली ई-चलानं भरल्याची आणि नंबर प्लेट नियमाप्रमाणे असल्याची खात्री, एवढं पुरं झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

कोणी ही गाडी घेऊच नये, तेही सांगतो. ज्याच्या घरी एकच दुचाकी आहे आणि तीच शेतातही न्यावी लागते, त्याने नको. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळा चिखल चाकाला धरतो, मडगार्डमध्ये भरतो आणि चाक जाम होतं. शंभर सीसीची गाडी माणूस काडीने चिखल काढून, उचलून, ढकलून बाहेर आणतो. 193 किलोची गाडी रुंद गुळगुळीत टायरांसह तिथे रुतली की दोन माणसं बोलवावी लागतात. खताची थैली, दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा ही तिची कामंच नाहीत. तसंच ज्याचा सगळा पैसा कर्जाचा आहे आणि पुढच्या हंगामावर हप्ते टांगलेले आहेत, त्यानेही थांबावं. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी हप्त्यासाठी गाडी विकायची वेळ आली तर कमी खपाच्या गाडीला घाईत भाव मिळत नाही, आणि तेव्हा मेहुणा बरोबर ठरतो.

कंबरेच्या त्रासासाठीच गाडी बदलत असाल तर आधी एक स्वस्त उपाय करून पाहा. आहे त्या गाडीच्या सीटचा फोम चांगल्या कारागिराकडून बदला, मागचे शॉकअप गेले असतील तर नवे टाका, टायरमधली हवा पुस्तकात दिल्याइतकीच ठेवा. पुष्कळांची तक्रार एवढ्यावर मिटते. नाही मिटली, रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर पक्क्या रस्त्यावरचं आहे, शेतासाठी घरी दुसरी गाडी उभी आहे आणि पैसा स्वतःचा आहे, तर लोक काय म्हणतील याचा विचार सोडून द्या. तीन-चार वर्षांची, एका मालकाची, सर्व्हिसिंगची नोंद असलेली डॉमिनार शोधा, नाहीतर नवी 250 घ्या. आणि घेण्याआधी, पुन्हा सांगतो, सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन क्लच केबल मागून पाहा.